सिनेस्टिल ८००टी: घ्या, पण आधी दिवे बघा

इन्स्टावर या रंगीत फिल्मच्या रोलचं जे कौतुक चालतं ते सगळं फोटोत दिव्याभोवती येणाऱ्या लाल वलयाचं. वलय येतं, खोटं नाही, पण निव्वळ तेवढ्यासाठी घेणार असाल तर जरा थांबा, एवढ्या पैशात एचपी५चे (इलफर्डची ब्लॅक अँड व्हाईट फिल्म) जवळजवळ दोन रोल येतात.

हा मुळात कोडॅकचा व्हिजन३ ५००टी, म्हणजे सिनेमाची फिल्म. तिच्या पाठीला रेमजेट नावाचा काळा थर असायचा (२०२५ पासून कोडॅक तो बंद करत आलंय), आरपार आलेला उजेड तो गिळून टाकायचा. सिनेस्टिलचा रोल त्या थराशिवाय येतो म्हणून तो साध्या सी-४१ (नेहमीच्या रंगीत फिल्मची धुलाई) लॅबमध्ये धुऊन मिळतो, पण मग तोच उजेड मागे आपटून परत येतो आणि सगळ्यात खालच्या, लाल रंगाच्या थरावर उमटतो. बस, जादू एवढीच. फ्रेममध्ये उघडा दिवा असेल, बाइकचा हेडलाईट, टपरीचा बल्ब, तर वलय दिसणार. दिवा फ्रेमबाहेर असेल तर विसरा.

खरी किंमत आहे ती नावातल्या ‘टी’ची. टंगस्टन, ३२०० केल्विन, म्हणजे पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म. पिवळ्या बल्बखालची बुर्जीपावची गाडी घ्या. साध्या डेलाईट (दिवसाच्या उजेडाच्या) फिल्मवर गाडीवाला, तवा, पाव सगळं हळदीत बुडवल्यासारखं येतं. ८००टीवर अंड्याचा पिवळा तेवढा पिवळा, स्टीलचे डबे पांढरे, माणसाची कातडी कातडीसारखी आणि मागचा अंधार निळसर. इथे हा रोल मस्तच, वाद नाही.

पण आता पिवळे दिवे उरलेत किती? बहुतेक रस्त्यांवर पांढरे एलईडी आलेत आणि त्यांच्याखाली ८००टी सगळं निळंहिरवं करून ठेवतो, माणसं आजारी दिसतात. मरीन ड्राइव्हला २०१५ मध्ये पांढरे लावले तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली, शेवटी परत पिवळट आणावे लागले, म्हणून तिथे अजून चालतो. पांढऱ्या दिव्यांच्या रस्त्यावर सरळ पोर्ट्रा ८०० (कोडॅकची डेलाईट फिल्म) घाला, नाहीतर ब्लॅक अँड व्हाईट, रंगाची कटकटच नको.

डबीवरच्या ८०० वर, म्हणजे आयएसओवर (फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते), फार विश्वास ठेवू नका. मूळ फिल्म ५००चीच आहे, उजेड मोजणारा मीटर ५०० किंवा ६४० वर लावा. उजेड कमी पडला की सावल्या हिरव्या आणि रवाळ होतात, स्कॅनमध्ये ओढून काही होत नाही. बाजारातल्या उजेडात एफ २ ला (लेन्सचं तोंड एवढं उघडं ठेवून) १/३० ते १/६० सेकंदाचं शटर मिळतं, हातात धरून जमतं. म्हणजे ५० एमएम एफ १.८ किंवा एफ २ लेन्स हवीच, एफ ३.५ वाली झूम घेऊन रात्री फिरू नका.

बॉडी म्हणाल तर पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२, दोन्हीचं शटर मेकॅनिकल, ‘बल्ब’ सेटिंगवर (बटण दाबलेलं असेतोवर शटर उघडं) कितीही वेळ उघडं ठेवा, सेल लागत नाही. कॅनन एई-१ दिसायला भारी पण तिचं शटर सेलवरच चालतं, लांब एक्स्पोजरला सेल खात बसते. के१०००चा मीटर अंधारात कामाचा नाही, मोबाईलवरचं मीटर ॲप बरं. आणि केबल रिलीज (कॅमेरा न हलवता शटर दाबायची तार) घ्याच, स्वस्त असते.

ट्रायपॉड लावून मिनिटभराची एक्स्पोजर द्यायची असतील तर मात्र ८००टी विसरा, फुकट खर्च. एचपी५ चालेल, पण मीटरने ३० सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात ८५च्या आसपास द्यावे लागतात, वेळ लांबला की फिल्म आळशी होते. फुजीची ॲक्रॉस २ यात बाप आहे, १२० सेकंदांपर्यंत वेळ वाढवावा लागत नाही. धूसर लाटा, गाड्यांच्या लाईटच्या रेघा, सगळं त्याच्यावर.

अजून एक, हाताने भरलेला ५००टी स्वस्तात मिळतो, जुन्या मालातला असेल तर त्याला रेमजेट तसाच असतो. लॅबला न सांगता देऊ नका, तो काळा थर सुटून त्यांचं केमिकल खराब करतो आणि बरोबरच्या दुसऱ्यांच्या रोलचीही वाट लागते. शिवाय त्या डबीवर डीएक्स कोड (कॅमेऱ्याला फिल्मचा आयएसओ सांगणारी खूण) नसतो, ऑटो कॅमेरे बहुधा आयएसओ १०० धरून चालतात.

पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेला रोल तासभर तरी डबीतच राहू द्या, लगेच उघडला तर फिल्मवर दव धरतं.