ड्रॅगन एज, सात महिन्यांनंतर: अँडर्सचं लपलेलं प्रेम आणि डोरियनचा नकार

जूनमध्ये मी आणि धाकट्या बहिणीनं ड्रॅगन एज या जादू-तलवारींच्या काल्पनिक जगातल्या व्हिडिओ गेम मालिकेचे चारही गेम पहिल्यापासून खेळायला घेतले. ती बंगळुरूला, मी नाशिकला. ठरलं एवढंच की मी पुरुष पात्र घ्यायचं, तिनं स्त्री पात्र, आणि रविवारी रात्री जेवणं आटोपली की फोनवर एकमेकांना आठवड्याची हकीकत सांगायची. डिसेंबर संपता संपता चौथा गेम संपला. लढाया, ग्राफिक्स, नकाशे यांवर लोकांनी भरपूर लिहिलंय. मी लिहितोय ते त्यात आपलं पात्र आणि साथीदार यांच्यात जुळणाऱ्या प्रेमप्रकरणांबद्दल, कारण सात महिने आम्ही सगळ्यात जास्त बोललो ते त्यावरच. आणि दोन सेव्ह, म्हणजे दोघांचे साठवलेले खेळ, शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय जी गोष्ट कळलीच नसती, ती त्यातूनच कळली.

सुरुवात झाली अँडर्सपासून. २०११ च्या ड्रॅगन एज २ मध्ये हा जादूगार कर्कवॉल शहराच्या तळाशी, डार्कटाउनमध्ये, गोरगरिबांसाठी फुकट दवाखाना चालवतो. त्याच्यासोबतची पहिली मोहीम म्हणजे कार्ल नावाच्या माणसाला सोडवायला रात्री चँट्रीत, म्हणजे तिथल्या धर्ममंदिरात, शिरायचं. कार्ल भेटतो, पण उशीर झालेला असतो. त्याच्या कपाळावर सूर्याचा डाग आहे, म्हणजे त्याची जादू आणि त्याच्या भावना दोन्ही काढून घेतल्या आहेत. क्षणभरच तो पूर्वीसारखा होतो आणि अँडर्सला विनवतो की पुन्हा तसं व्हायच्या आत मला संपव.

त्या रविवारी मी म्हणालो, "बिचाऱ्यानं स्वतःच्या हातानं प्रियकराला मारलं गं." पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "प्रियकर? दादा, मित्र होता ना तो त्याचा?"

आम्ही दोघांनी सेव्ह मागे नेऊन तो संवाद पुन्हा ऐकला. माझा हॉक, म्हणजे या गेमचा नायक, पुरुष, त्यामुळे अँडर्स त्याला सांगतो की कार्ल आणि तो एकमेकांचे होते. तिची हॉक बाई, तर तिच्याशी बोलताना कार्ल फक्त जुना मित्र. तिनं पुढे अँडर्सशीच प्रेम केलं, तो तिच्या घरी राहायला आला, पण तिच्या अख्ख्या खेळात कार्लबद्दलचं खरं काही निघालं नाही. कोणी म्हणेल, असतात काही माणसं अशी, सगळ्यांना सगळं सांगत नाहीत. खरंय. पण न सांगण्यामागे भीती असेल, लाज असेल, तर ती कुठेतरी दिसायला हवी. चार वाक्यं बोलून एखाद्यानं विषय बदलला तर आपल्याला कळतं की इथे काहीतरी आहे. इथे तसं काही नाही. खेळणारा पुरुष आहे की बाई, एवढंच गेमनं पाहिलं आणि त्यावरून एका मेलेल्या माणसाचं नातं बदलून टाकलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते कार्लसाठी. त्याच्या वाट्याला एकच प्रसंग आला आणि अर्ध्या खेळणाऱ्यांसाठी त्याचं प्रेम झालंच नाही.

हे का झालं तेही समजून घ्यायला हवं, कारण हेतू वाईट नव्हता. २००९ च्या ओरिजिन्समध्ये, म्हणजे पहिल्या गेममध्ये, प्रेमाची चार पात्रं होती. ॲलिस्टर फक्त स्त्री पात्रासाठी, मॉरिगन फक्त पुरुषासाठी, लेलियाना आणि झेव्हरान दोघांसाठी. हिशेब करा. बाईवर प्रेम करणाऱ्या पुरुषाला दोन पर्याय, पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला एकटा झेव्हरान, बाईवर प्रेम करणाऱ्या बाईला एकटी लेलियाना. त्या दोघांपैकी जो वाट्याला आला तो आवडला नाही, तर बसा गप्प. दुसऱ्या गेमनं आपल्या मूळच्या चारही जोडीदारांची दारं सगळ्यांना उघडली. तो गेम जेमतेम दीड वर्षाच्या आत तयार झाला होता. प्रत्येक संवाद लिहायचा, नटांकडून रेकॉर्ड करून घ्यायचा, म्हणजे प्रत्येक वेगळी वाट हा जास्तीचा खर्च. त्यात सर्वांना समान संधी देणं हा मोठेपणाच होता. अशा पात्रांना इंग्रजीतून 'प्लेयरसेक्शुअल' म्हणतात, म्हणजे ज्याचा कल खेळणाऱ्यावर ठरतो असा. शब्द टोचून बोलण्यासारखा वापरला जातो, मला तो सरसकट वापरणं पटत नाही.

कारण त्याच गेममध्ये इझाबेला आहे. तीही सर्वांसाठी खुली. पण समुद्रावर चाचेगिरी करणारी ही बाई आपल्याला आधीच, ओरिजिन्समध्ये, डेनेरिम शहरातल्या 'पर्ल' या कुंटणखान्यात भेटलेली असते आणि तिथेही तिला समोरचा पुरुष की बाई याचं काही पडलेलं नसतं. दोन गेम, दोन वेगळे नायक, पण इझाबेला तीच. लेलियानाचंही तसंच. तिला घडवणारी आणि नंतर दगा देणारी मार्जोलेन ही तिची प्रेयसी होती, हे ती माझ्या वॉर्डनलाही, म्हणजे पहिल्या गेमच्या नायकालाही, सांगते आणि बहिणीच्याही. माझा वॉर्डन पुरुष आहे म्हणून मार्जोलेनचा कोणी मार्जोलेनराव झाला नाही. म्हणजे दार सगळ्यांना उघडं असण्यात चूक नव्हतीच. उभयलैंगिक माणसाला त्याचा स्वतःचा भूतकाळ द्यायचा राहिला, ती चूक.

आता इन्क्विझिशन, २०१४ चा तिसरा गेम. याच्यासाठी मी चारही गेम पुन्हा खेळेन.

डोरियन पाव्हस हा टेव्हिंटर साम्राज्याच्या बड्या घराण्यातला जादूगार. देखणा, तोंडाचा फटकळ, मिशांना पीळ. डेव्हिड गेडर या लेखकानं तो लिहिला. गेडर स्वतः गे आहेत, आणि ते पानापानांत जाणवतं. मध्यात कधीतरी त्याच्या घरून चिठ्ठी येते की घरचा माणूस रेडक्लिफला येतोय, भेटायला आणा, त्याला आधी सांगू नका. मी चिठ्ठी सरळ त्याच्या हातात दिली. आम्ही रेडक्लिफच्या खानावळीत गेलो तर आत कोणी नाही. मग जिन्यावरून वडील खाली आले.

त्या खोलीत कळतं की घराण्याचं रक्त शुद्ध राहावं म्हणून डोरियनचं लग्न ठरवलं होतं, आणि त्याला पुरुष आवडतात हे उघड झाल्यावर वडिलांनी रक्तजादूनं त्याचं मन बदलायचा घाट घातला होता. रक्तजादू वाईट, हे त्याला वडिलांनीच लहानपणी शिकवलेलं. डोरियनचा आवाज चढतो, मग तुटतो. पुढे पर्याय येतो, निघून जायचं की थांबून बोलायचं. मी बटण न दाबता बराच वेळ तसाच बसलो. माझ्या मावसभावानं घरी सांगितलं होतं तेव्हा मी त्या खोलीत होतो. काका मारायला धावले नाहीत, ओरडलेही नाहीत. शांतपणे म्हणाले, "लग्न लावून दिलं की येईल ताळ्यावर." त्या वाक्यातली माया खरी होती, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. डोरियनचे वडीलही असेच आहेत. राक्षस नाहीत.

रविवारी मी धडधडत्या छातीनं बहिणीला विचारलं, तुझ्याकडे काय झालं? तिच्याकडे अक्षरन् अक्षर तेच. तिची इन्क्विझिटर, म्हणजे या गेमची नायिका, एल्फ वंशाची बाई, आधी डोरियनशी थोडी लाडीगोडी करून झालेली, त्यानंही हसून दाद दिलेली. पण खानावळीत तेच वडील, तोच राग, तीच जखम. तिच्याशी त्याचं प्रेम जुळणार नाही हे स्पष्ट झालं आणि तिला वाईट वाटण्याऐवजी तो अधिक जवळचा वाटला. फक्त पुरुष आवडणाऱ्या कॅसँड्रा या योद्ध्या साथीदारानंही तिला असंच गोंधळत, पण स्वच्छ शब्दांत नाही म्हटलं. ती म्हणाली, "दादा, ज्याला नाही म्हणता येतं, त्याच्या हो ला किंमत असते ना."

सर्वांसाठी खुल्या जोसेफीनचं, नायकाच्या मुत्सद्दी सल्लागार बाईचं, लेखनही तितकंच ठाम आहे. तिचं लग्न घरच्यांनी लॉर्ड ओट्रांटोशी ठरवून टाकलेलं, त्यामुळे त्याच्याशी तलवारीनं द्वंद्व करावं लागतं. मी पुरुष म्हणून लढलो, बहीण बाई म्हणून लढू शकली असती, घराणं तेच, नवरदेव तोच.

खटकण्याजोगंही आहेच. आठ जोडीदार आहेत, पण वाटप समान नाही. स्त्री एल्फला सहा जण, पुरुषाला कोणत्याही वंशाचा असला तरी चार. गे पुरुषासाठी डोरियन आणि आयर्न बुल, बस. ओरिजिन्सच्या एकावरून दोनवर आलो. तुम्हाला यांतलं कोणीच भावलं नाही तर तुमची तक्रार रास्त आहे, मी ती खोडून काढणार नाही.

२०२४ चा व्हेलगार्ड थोडक्यात. सात साथीदार, सगळे सगळ्यांसाठी, आणि निर्मात्यांनी ते पॅनसेक्शुअल, म्हणजे प्रेमात समोरच्याचं लिंग न पाहणारे, असल्याचं आधीच सांगितलेलं. तुम्ही मध्ये पडला नाहीत तर हार्डिंग आणि ताश, नीव्ह आणि लुकानिस आपापसांत जुळतात, हे फार आवडलं. अँडर्ससारखी खाडाखोड आम्हाला आढळली नाही. पण कोणाच्याच स्वभावाची धार मला लागली नाही, सात जणांत एकही 'नाही' ऐकू आला नाही. बहिणीला ते मोकळं वाटलं. आमचं यावर अजून एकमत नाही.

नवीन घेणाऱ्यांनी ओरिजिन्सपासून सुरू करा, जुना दिसला तरी. वेळ नसेल तर थेट इन्क्विझिशन, पण सुरुवातीच्या हिंटरलँड्स या भल्यामोठ्या प्रदेशात पंधरा तास अडकू नका, पुढे चला.

बहिणीनं आता इन्क्विझिशन पुन्हा सुरू केलाय, या वेळी कोणाशीच प्रेम न करता. दोघांनाही मोकळं सोडलं तर डोरियन आणि आयर्न बुल एकमेकांच्या प्रेमात पडतात, पण ते चालता चालताच्या गप्पांतून कळतं. त्यासाठी दोघांना कायम सोबत घेऊन रानावनात उगाच भटकत राहावं लागतं. ती तीन आठवडे भटकतेय. काल रात्री साडेअकराला मेसेज आला, "दादा, सुरू झालं!"