मिलेनियम पार्क, शिकागो : शहर ज्यात स्वतःला पाहते

शिकागोतील मिलेनियम पार्क २००४ साली खुले झाले. जेथे पूर्वी रेल्वेचे रूळ आणि वाहनतळ होते, तेथे आज उद्यान आहे. पण बहुतेक पाहुणे येतात ते झाडांसाठी नव्हे, तर मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे ‘क्लाउड गेट’ हे शिल्प पाहण्यासाठी. त्याच्या घेवड्याच्या दाण्यासारख्या आकारावरून सारे शहर त्याला ‘द बीन’ म्हणते.

स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडून केलेले हे शिल्प २००६ मध्ये पूर्ण झाले. त्याचे वजन सुमारे १०० टन आहे, लांबी ६६ फूट आणि उंची ३३ फूट. तरीही सांधे इतके घासून गुळगुळीत केले आहेत की जवळ जाऊनही जोड दिसत नाही. दुरून पाहिले तर त्यात आभाळ आणि उंच इमारतींची रांग वाकून उतरलेली दिसते. १२ फुटी कमानीतून आत शिरून मान वर केली की घुमटासारख्या खोलगट पोटात माणसांची प्रतिबिंबे लांबट होत एकमेकांत मिसळतात, आणि त्या गर्दीत आपला चेहरा शोधायला काही क्षण लागतात. शिकागोची ओळख म्हणून जगभर गेलेली छायाचित्रे चांगली आहेत, पण हा अनुभव त्यांत येत नाही. त्यासाठी तेथे उभेच राहावे लागते.

हात पोहोचतो तेथवर धातूवर बोटांचे ठसे उमटतात. खालचा भाग दिवसातून दोनदा पुसला जातो, आणि माझ्या मते शिल्पाइतकेच मोल या पुसण्याला आहे, कारण लोकांना हात लावू देऊनही लखलखीत राहणारे शिल्पच शहराविषयी विश्वास निर्माण करते. सुरुवातीच्या काळात व्यावसायिक छायाचित्रकारांकडे येथे परवाना मागितला जाई आणि त्यावरून मोठा वाद झाला होता. सार्वजनिक जागेतल्या कलेवर असा पहारा असू नये, हे माझे ठाम मत आहे.

शेजारचे स्पॅनिश शिल्पकार जाउमे प्लेन्सा यांचे ‘क्राउन फाउंटन’ हे कारंजे मला अधिक आपुलकीचे वाटते. काचेच्या विटांच्या ५० फुटी दोन मनोऱ्यांवर सुमारे हजार सामान्य शिकागोकरांचे चेहरे चित्रफितीतून आळीपाळीने उमटतात. चेहऱ्याचे ओठ चंबूसारखे होतात, तोंडातून पाण्याची धार सुटते आणि खाली वाट पाहणारी मुले त्यात भिजतात. शहराने आपली प्रतिमा घडवताना एखाद्या सेनापतीऐवजी आपलेच रहिवासी इतके मोठे करून दाखवावेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

उणीव एकच, आणि ती या उद्यानाच्या यशातूनच आलेली आहे : ‘बीन’समोरची गर्दी इतकी असते की शांतपणे पाहणे अवघड होते. त्यासाठी सकाळी लवकर जावे. नंतर चालत डेली प्लाझा या चौकापर्यंत अवश्य जावे. पिकासोने मानधन नाकारून शहराला भेट दिलेले निनावी पोलादी शिल्प १९६७ पासून तेथे उभे आहे. अनावरणाच्या वेळी अनेकांनी त्याची खिल्ली उडवली होती. आज त्याच्या उतरत्या पायथ्यावरून मुले घसरगुंडी खेळतात.