परदेशातून जुनी वस्तू खासगी व्यक्तीकडून घेताना: कॅलिफोर्निया, न्यू जर्सी की वॉशिंग्टन, यूज टॅक्स कुठे लागतो?

समजा, मिरजेत घडलेला एक जुना तंबोरा पुण्यातल्या एका गायिकेकडून १,२०० डॉलरला ठरला आणि तो अमेरिकेत तुमच्या घरी यायचा आहे. कस्टम ड्यूटी अमेरिकेच्या केंद्र सरकारची असते. ती भरली तरी राज्याचं देणं फिटत नाही. सेल्स टॅक्स न भरता बाहेरून आणलेल्या वस्तूवर राज्य यूज टॅक्स लावतं आणि तो खरेदीदाराने आपण होऊन भरायचा असतो. कुरिअरवाला तो मागत नाही, म्हणून अनेकांना त्याचा पत्ताच नसतो. पण विकणारा दुकानदार नसेल तर काय, याचं उत्तर प्रत्येक राज्यात वेगळं आहे.

कॅलिफोर्निया

इथे खासगी व्यक्तीने अधूनमधून केलेली विक्री करमुक्त आहे आणि ही सवलत यूज टॅक्सलाही लागू होते. त्यामुळे वरच्या तंबोऱ्यावर कर शून्य. मेख आहे ती विकणाऱ्यात. त्याने बारा महिन्यांत अशा तीन किंवा जास्त विक्री बऱ्यापैकी रकमेला केल्या असतील, तर कायद्याच्या नजरेत तो विक्रेता ठरतो. मग सगळ्या किमतीवर किमान ७.२५ टक्के, म्हणजे ८७ डॉलर लागतात. बे एरियात स्थानिक कर धरून दर आणखी वर जातो. भारतात बसलेल्या माणसाकडे कॅलिफोर्नियाचा विक्री परवाना नाही, एवढ्याने तो सुटत नाही. तोच व्यवहार त्याने कॅलिफोर्नियात केला असता तर परवाना लागला असता का, हे पाहतात. घराघरांतून जुनी वाद्यं गोळा करून विकणारा माणूस कितीही घरगुती वाटला तरी ही सवलत त्याच्याकडच्या मालाला मिळत नाही.

गाडी, बोट आणि विमान या सवलतीतून वगळले आहेत. खासगी माणसाकडून घेतलेल्या मोटारसायकलवरही कर पडतो.

न्यू जर्सी

निकाल बहुतेक तोच, कसोटी वेगळी. विक्रीची संख्या मोजत बसत नाहीत. विकणारा किरकोळ विक्रीचा धंदा करणारा नसावा आणि वस्तू त्याने मुळात स्वतःच्या वापरासाठी घेतलेली असावी. गाड्या आणि बोटी इथेही वगळलेल्या. सवलत बसली नाही तर ६.६२५ टक्क्यांनी ७९.५० डॉलर.

वॉशिंग्टन

सिअॅटल, रेडमंड, बेलव्ह्यूच्या मंडळींनी इथे जपून राहावं, कारण बे एरियातल्या मित्राचा सल्ला इथे साफ चुकतो. जाहिरात पाहून शेजाऱ्याकडून घेतलेल्या जुन्या सोफ्यावरही हे राज्य यूज टॅक्स मागतं. परदेशातला विक्रेता त्याला अपवाद नाही. राज्याचा दर ६.५ टक्के, वर स्थानिक कर. सिअॅटलमध्ये बेरीज दहाच्या पुढे जाते. पाठवणीचा खर्च विकणाऱ्याला दिला असेल तर त्यावरही कर असतो. तंबोरा १,२०० आणि पेटीबंद पाठवणी २५० धरली, तर देणं १४५ डॉलरच्या वर जातं.

थेट व्यवहार की ईबेसारखं मार्केटप्लेस?

हा फरक राज्याइतकाच महत्त्वाचा आहे. तिन्ही राज्यांत मार्केटप्लेसवर कर वसूल करण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. कॅलिफोर्नियात १ ऑक्टोबर २०१९ पासून. म्हणजे तोच तंबोरा, तीच गायिका, पण व्यवहार ईबेवर झाला तर बिलात कर येणारच.

म्हणून कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत विकणारी व्यक्ती खात्रीची असेल तर थेट घ्यावं. अनोळखी असेल तर मार्केटप्लेसवरून घ्यावं आणि कराचे तेवढे ८०-९० डॉलर जाऊ द्यावेत; भोपळा तडकलेला निघाला तर पैसे परत मिळण्याची वाट राहते. वॉशिंग्टनमध्ये थेट घेऊन कर वाचत नाहीच, तेव्हा मार्केटप्लेसच बरं: भरणा तिथेच होतो, वेगळं रिटर्न भरावं लागत नाही.

दुकानातून घेणार असाल तर

सवलत फक्त खासगी विक्रीची. मिरजेच्या दुकानातून १,२०० डॉलरचा तंबोरा कुरिअरने मागवला तर कॅलिफोर्नियात पूर्ण रकमेवर कर. स्वतः विमानातून बरोबर आणला, तर तीस दिवसांच्या काळात पहिल्या ८०० डॉलरवर यूज टॅक्स नाही. उरलेल्या ४०० वर ७.२५ टक्क्यांनी २९ डॉलर.

भरायचा कुठे, जपायचं काय

कॅलिफोर्नियात फॉर्म ५४० वर यूज टॅक्सची ओळ आहे, किंवा राज्याच्या कर खात्याच्या संकेतस्थळावर थेट भरता येतो. मुदत पुढच्या वर्षीची १५ एप्रिल. न्यू जर्सीत एनजे-१०४० वर भरता येतो. दोन्हीकडे उत्पन्नानुसार अंदाजे रक्कम देणारा तक्ता आहे, पण १,००० डॉलर किंवा जास्त किमतीच्या वस्तूला तो चालत नाही. त्यावर प्रत्यक्ष हिशेब करावा लागतो. वॉशिंग्टनमध्ये उत्पन्न कराचं रिटर्नच नसल्याने महसूल खात्याचं ग्राहकांसाठीचं स्वतंत्र यूज टॅक्स रिटर्न ऑनलाइन भरावं लागतं.

कॅलिफोर्नियाच्या खात्याला कस्टमच्या नोंदी मिळतात आणि त्यावरून खरेदीदारांना पत्रं जातात. तेव्हा सवलत घेणाऱ्याने कागद आधीच जमवावेत. विकणाऱ्याचं सहीचं पत्र घ्यावं: वस्तू स्वतःच्या वापरातली आहे, आपला विक्रीचा धंदा नाही, गेल्या बारा महिन्यांत असं काय काय विकलं. पत्रावर तारीख, किंमत आणि वाद्याचं वर्णन हवं. सोबत बँकेतून पैसे पाठवल्याची नोंद, वाद्याचे फोटो आणि कस्टमचा कागद. ‘भेट’ असं लिहून किंमत लपवू नये; कस्टमला खोटं सांगणं हा गुन्हा आहे. शिवाय पत्रातली किंमत आणि कस्टमच्या कागदावरची किंमत जुळली नाही, तर खऱ्या सवलतीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.