जुन्या साड्या, तेलाचे डबे, आंब्याच्या पेट्या: मालवणातल्या एका शिलाईच्या दुकानाबद्दल

मालवणच्या बाजारपेठेत आतल्या बाजूला एक शिलाईचं दुकान आहे. नावाची पाटी नाही, दारावर रंगाने 'फॉल, पिको, शिलाई' एवढंच लिहिलंय. बाई शिवतात, त्यांचे यजमान मागच्या पडवीत सुतारकाम करतात. घरातली अडगळ घेऊन जायची आणि ते दोघं त्यातून सामान ठेवायच्या टोपल्या, पेट्या, डबे करून देतात. वस्तू आपल्या, मजुरी त्यांची. मे महिन्यात मी आचऱ्याहून एसटीने जुन्या साड्यांचं गाठोडं आणि तेलाचे दोन रिकामे डबे घेऊन गेले. आंब्याच्या लाकडी पेट्या नंतर भावोजींनी टेम्पोतून पोचवल्या. आता चतुर्थी होऊन गेलीय, म्हणून लिहायला बसले. आपल्याकडे साठवणीच्या वस्तूने एक पावसाळा काढल्याशिवाय तिच्याबद्दल काही बोलू नये.

त्यांची पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी आधी माप घेतलं नाही. "ह्याच्यात काय ठेवतलास?" हे विचारलं. मग कुठे ठेवणार, माळ्यावर की खाली, भिंत चिऱ्याची की विटेची. आमचं घर जांभ्याच्या चिऱ्याचं. जांभा सच्छिद्र, पावसात ओल धरतो आणि भिंतीला टेकवलेलं सगळं कुबट होतं. त्यांनी सांगितलं, काहीही ठेवा, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा. खोके मात्र त्यांनी सरळ परत दिले. मी सोबत आंब्याचे पुठ्ठ्याचे चांगले जाड खोकेही नेले होते. पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवलेले असतात, झुरळं आणि कसर त्यावरच येतात, आणि जुलैत ओल पिऊन त्याचे कोपरे बसतात. मजुरी मिळत असताना गिऱ्हाइकाला "हे करू नका" म्हणणारं दुकान मला विश्वासाचं वाटतं.

साडीच्या टोपलीबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. सासूबाईंची नऊवारी सुती लुगडी होती, मधे विरलेली, काठ शाबूत. कापायला माझा हात होत नव्हता. बाईंनी विरलेला भाग घडी करून आतल्या थरांत घेतला, गोधडीला घालतात तसे जवळजवळ टाके घातले आणि काठ वर, तोंडाशी गोल फिरवला. तळाला जुन्या फ्लेक्सचा तुकडा आहे, छापील बाजू आत, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. बाजू मात्र फक्त कापडाच्या, हवा खेळावी म्हणून. धरायला जीन्सच्या पट्ट्याचे कान, आणि ते नुसते वर शिवलेले नाहीत, पार तळाखालून फिरवून आणलेत. चादरी भरून टोपली उचलली तरी कान उसवत नाहीत. प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात कपडे जरा सर्द असताना गेले की ओल आतच कोंडते आणि बुरशीचे ठिपके येतात. या टोपलीतल्या चादरी मी भर श्रावणात काढल्या, वास नव्हता. कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून भरल्या होत्या, तेवढं आपण करायलाच हवं.

तेलाच्या 15 किलोच्या डब्यात नवऱ्याची कोयती, करवत, खिळे ठेवायचे होते. "खाऱ्या वाऱ्यान डबो गंजतलो," असं यजमानांनी आधीच सांगितलं आणि घासून आधी रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा अस्तराचा रंग, त्यावर ऑइलपेंट दिला, आतूनसुद्धा. कापलेली धार आत दुमडून ठोकलीय आणि तिच्यावर पाण्याची जुनी नळी उभी चिरून बसवलीय. माझा भाचा त्यात हात घालतो, मला धास्ती वाटत नाही. एका डब्याच्या तळाच्या जोडाला मात्र गंजाची रेघ दिसायला लागलीय. तिथे रंग पातळ लागला असावा.

लाकडी पेट्या दोन-दोन जोडून एकावर एक ठेवायच्या केल्या. फटी तशाच ठेवल्या, कारण कांदे आणि नारळ राहणार होते. खाली पायाला रबरी चपलांचे तळवे कापून ठोकलेत.

तक्रारी दोन. टोपलीचं कापडी झाकण मधे खोलगट झालं, त्यावर माळ्यावरची धूळ साचते. परत नेलं तेव्हा त्यांनी कडेने बांबूची कांबट घालून दिली, पैसे घेतले नाहीत, पण हे पहिल्यांदाच व्हायला हवं होतं. दुसरी, मासेमारीच्या जुन्या जाळ्याच्या पिशव्या. दिसतात सुरेख, पण कितीही धुतल्या तरी मासळीचा वास जात नाही. नारळाला चालतील, बाकी कशाला घेऊ नका.

मजुरी मला टोपलीचे 220, डब्याचे 150, पेट्यांच्या जोडीचे 350 पडली. स्वस्त नाही. पण डबा आतून रंगवायला लागणारा वेळ मी पाहिलाय, त्यामुळे घासाघीस केली नाही.

जायचं असेल तर कपडे धुऊन, वाळवून न्या, ओलसर कापड बाई हातात घेत नाहीत. आणि काम फाल्गुन-चैत्रात टाका. जूननंतर रंग वाळत नाही आणि चतुर्थीच्या आधी त्यांच्याकडे ब्लाउजची इतकी गर्दी असते की टोपल्या मागे पडतात. माझी पुढची वस्तू ठरलीय, सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक. तळ सडलाय, कडी-कोयंडा धड आहे. यजमान म्हणाले, तळाला पेटीच्या फळ्या बसवू, फक्त ट्रंक एसटीत घालू नका, तेच आचऱ्याला आले की बघून जातील.