इंकस्टिच दहा महिने वापरून: फुकट आहे, पण आधी दोन-चार सुया मोडायची तयारी ठेवा

पहिल्या महिन्यात लिहायला बसले असते तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या आणि चौथ्या महिन्यात नुसतं कौतुक, म्हणून मुद्दाम थांबले. इंकस्टिच, म्हणजे एम्ब्रॉयडरी मशीनसाठी टाक्यांच्या फाईल बनवायचं सॉफ्टवेअर, घेऊन आता दहा महिने झाले, मशीनवर रोज काहीतरी चालू असतं, तर जे आहे ते सांगते.

आधी माझं काम काय ते, नाहीतर काहीच कळणार नाही. मी सोलापूरची, घरात एका सुईचं घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन आहे, हुप (कापड ताणून धरायची चौकट) ४ बाय ४ इंच, पेनड्राईव्हवरून पीईएस फाईल, म्हणजे मशीनला कळणारी टाक्यांची फाईल, वाचतं. काम म्हणजे टॉवेल आणि नॅपकिनवर नावं. सोलापुरात टॉवेलला काय तोटा, आणि लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर अजून आहेच, त्यामुळे नवरा-नवरीचं नाव टाकून द्या, भावकीचं आडनाव टाकून द्या, अशा ऑर्डरी येतात. आणि लोकांना नाव मराठीतच हवं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, सगळं रामायण याच्यावरच आहे.

आधी मी पंचिंग, म्हणजे नावाची टाक्यांची फाईल बनवणं, बाहेरून करून घ्यायचे. (सॉफ्टवेअरवाले डिजिटायझिंग म्हणतात, आपल्याकडे मार्केटमध्ये सगळे पंचिंगच म्हणतात.) एका नावाचे अडीचशे, फाईल यायला दोन दिवस, आणि एकदा ‘कीर्ती’चा रफारच गायब होऊन आला, ‘कीती’ असं बारा टॉवेलवर उमटलं. बघायला पाहिजे होतं ते मीच बघितलं नाही, पण बारा टॉवेल घरात पडले ते पडलेच, आजही आमच्याकडे पाहुण्यांना हात पुसायला तेच मिळतात. मग सॉफ्टवेअरची चौकशी केली तर एकाने जो आकडा सांगितला तो माझ्या मशीनपेक्षा जास्त. दुसऱ्याने क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, देतो म्हटलं. नको म्हटलं, त्याच लॅपटॉपवर माझं बँकेचं असतं.

तर इंकस्टिच म्हणजे वेगळं सॉफ्टवेअर नाहीच खरं तर. इंकस्केप नावाचं फुकट ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्यावर बसणारं एक्स्टेंशन आहे हे. दोन्ही ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. इंकस्केप टाकायचं, मग इंकस्टिचचा इन्स्टॉलर चालवायचा, एक्स्टेंशनच्या मेनूत ते येऊन बसतं. इथपर्यंत माझ्या आठवीतल्या मुलाने पंधरा मिनिटांत करून दिलं. पुढचे तीन आठवडे माझे.

कारण मी काय समजले होते, की नाव टाईप करायचं, बटण दाबायचं, फाईल तयार. तसं होतंही म्हणा. ‘मुक्त’ नावाच्या मराठी फॉन्टमध्ये नाव टाईप केलं, पाथमध्ये (अक्षराच्या नुसत्या आकारात) बदललं, इंकस्टिचने आपोआप फिल, म्हणजे आत टाक्यांच्या ओळींचा भराव, भरला, पीईएस काढली, मशीनला लावली. टॉवेलवर जे आलं ते बघून सासूबाई म्हणाल्या, हे काय, ठिगळ लावलंस होय? फिलमध्ये ओळींमधलं अंतर आधीपासून ०.२५ मिलिमीटर धरलेलं असतं, बारक्या अक्षराला ते पुठ्ठ्यासारखं कडक झालं, कडा करवतीसारख्या, आणि अर्धी अक्षरं टॉवेलच्या लूपमध्ये बुडालेली.

इथे कळलं की हे सॉफ्टवेअर तुमच्यासाठी विचार करत नाही, टाका कुठून कुठे जाणार हे तुम्हाला माहीत पाहिजे. पॅराम्स म्हणून एक खिडकी उघडते त्यात सगळं असतं, टाक्याची लांबी, अंतर, खालचा टाका म्हणजे अंडरले, कापड ओढलं जातं त्याची भरपाई, आणि प्रत्येक आकडा बदलला की शेजारी टाके पडताना दिसतात. सिम्युलेटर तर मला इतका आवडला की पहिले काही दिवस मी सिरियल बघितल्यासारखी तोच बघत बसायचे. पण स्क्रीनवर कापड ओढलं जात नाही हो! स्क्रीनवर गोल तो गोल, टॉवेलवर त्याचं अंडं होतं, कारण टाका ज्या दिशेने पडतो त्या दिशेने कापड आक्रसतं. मी आता सॅटिनला (म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणाऱ्या दाट टाक्यांची पट्टी) टॉवेलवर ०.३ ते ०.४ मिलिमीटर भरपाई देते, पातळ कॉटनच्या नॅपकिनवर त्याच्या निम्मी पुरते. हे आकडे माझ्या मशीनचे आणि माझ्या धाग्याचे, तुमचे तुम्ही काढा, आधी चिंधीवर.

आता देवनागरी. इंकस्टिचमध्ये लेटरिंग म्हणून तयार अक्षरांचं दालन आहे, इंग्रजीचे पुष्कळ फॉन्ट आहेत, टाके आधीच आखलेले, नाव टाईप केलं की झालं, इंग्रजी नावाची ऑर्डर आली तर मी दहा मिनिटांत मोकळी. देवनागरी मला त्यात सापडलं नाही. म्हणजे आपलं आपण. पहिले दोन दिवस राग आला, पण खरं सांगते, आज मला वाटतं की बरं झालं.

मी काय करते, ‘मुक्त’ फॉन्टमधलं अक्षर फिकट करून खाली ठेवते आणि त्याच्या मधोमध पेन टूलने एक रेघ ओढते, रेघेची जाडी २ मिलिमीटर, मग कन्व्हर्ट लाईन टू सॅटिन. त्या रेघेचे दोन रूळ होतात आणि मध्ये शिडीच्या पायऱ्या, त्या पायऱ्या जशा तिरक्या कराल तसा टाका वळतो. ‘ळ’ आणि ‘श’च्या वळणावर पायऱ्या हाताने नीट लावाव्या लागतात, नाहीतर आतल्या बाजूला धाग्याची गर्दी होते. पायरी दोन्ही रुळांना छेदून गेली नसेल तर चूक दाखवतं, ट्रबलशूट केलं की नेमकं कुठे ते बाण काढून सांगतं, हे मात्र फार चांगलं केलंय.

शिरोरेषेवर माझा एक अख्खा महिना गेला. आधी मी प्रत्येक अक्षराला त्याची त्याची शिरोरेषा द्यायचे, मग दोन अक्षरं जिथे जुळतात तिथे डबल टाका पडून गाठीसारखा उंचवटा यायचा, बोटाला लागायचा. मग सगळ्या अक्षरांच्या डोक्यावरच्या रेषा काढून टाकल्या आणि पूर्ण शब्दाला एकच लांब सॅटिन केला, तो सगळ्यात शेवटी. शाळेत बाई शिकवायच्या तसंच, आधी अक्षरं, मग वरून एक रेघ. इंकस्केपमध्ये ऑब्जेक्टच्या यादीत जे खाली ते आधी शिवलं जातं, म्हणून शिरोरेषा यादीत सगळ्यात वर. आणि अजून एक, सॅटिन रुंदीला आक्रसतो पण लांबीला ढकलला जातो, त्यामुळे उभे दांडे शिरोरेषेच्या वर डोकं काढतात. दांडा थोडा आखूड ठेवायचा, अंदाजे अर्धा मिलिमीटर, शिरोरेषा येऊन त्याला झाकते. हे मला कुणी सांगितलं नाही, सव्वीस चिंध्या खराब करून कळलं.

अनुस्वार म्हणजे डोकेदुखी. एवढासा टिंब, त्यात फिल दिला की सुई एकाच जागी ठोकत बसते, खाली बॉबिनच्या बाजूला घरटं तयार, एकदा सुईच मोडली. आता टिंबसुद्धा छोटा सॅटिन करते, दीड मिलिमीटरपेक्षा लहान ठेवत नाही, टॉवेलवर तर दोन. वेलांटी आणि रफार वेगळे तुकडे असतात म्हणून मशीन उड्या मारतं, त्या उड्यांचे धागे कापत बसायचं, नाहीतर ऑटो रूट सॅटिन वापरायचं, ते क्रम लावून शक्य तिथे खालून साधा टाका घालत नेतं. पूर्ण भरवसा ठेवू नका, शिरोरेषा आपल्या हाताने शेवटी न्या.

टॉवेलच्या लूपचं म्हणाल तर दोन गोष्टी. वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवायचीच, तिला पर्याय नाही. आणि नावाच्या खाली टॉवेलच्याच रंगाच्या धाग्याने एक विरळ फिल, ज्याने लूप दबतात आणि अक्षर वर बसतं. हा मी चौकोन काढून ओळींमधलं अंतर वाढवून करायचे, ३.२ व्हर्जनमध्ये याच्यासाठी नॉकडाऊन फिल नावाचं वेगळंच टूल आलंय, अक्षरांच्या भोवतीने आकार स्वतः काढतं. अपडेट केल्याचं चीज झालं म्हणायचं.

आता सगळ्यात महागात पडलेली चूक, ही प्लीज तुम्ही करू नका. सुरुवातीला मी थेट पीईएस म्हणून सेव्ह करायचे आणि एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपची मूळ फाईल, ठेवायचेच नाही. मशीनला पीईएस लागते ना, मग झालं, असं. मग एका गिऱ्हाईकाने तेच नाव नॅपकिनसाठी बारीक मागितलं. पीईएस उघडली तर आत सॅटिन नाही की पॅराम्स नाहीत, नुसते सुटे टाके, रेघांचा ढीग. तोच मी ७० टक्के केला. आता गणित बघा, टाके तेवढेच राहिले आणि जागा कमी झाली, ०.४ चं अंतर ०.२८ वर आलं, धागा तीनदा तुटला आणि नॅपकिनला भोक. पीईएस काय, डीएसटी (मशीनच्या फाईलचा दुसरा प्रकार) काय, त्या सुईच्या हालचाली आहेत फक्त, डिझाईन नव्हे. डिझाईन म्हणजे एसव्हीजी, ती जपायची, मशीनची फाईल म्हणजे सेव्ह अ कॉपी.

डीएसटीची वेळ मला गड्ड्याच्या यात्रेआधी, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेआधी, आली. दोनशे टॉवेलची ऑर्डर होती, माझ्या एका सुईवर ते होणं शक्यच नव्हतं, मग ओळखीच्या एका मल्टिहेडवाल्याकडे (एकाच वेळी अनेक नग शिवणारं मोठं मशीन असतं त्याच्याकडे) दिलं. इंकस्टिचमधून डीएसटी सहज निघते, पण तिच्यात रंग जात नाहीत, फक्त ‘इथे धागा बदल’ एवढंच जातं. कापायची वेगळी खूणही तिच्यात नसते, लागोपाठ काही उड्या दिसल्या की मशीन समजून कापतं, किती उड्यांना ते मशीनच्या सेटिंगवर. ऑपरेटरने पहिल्या तुकड्याला मरून नावाला हिरवी बॉर्डर करायच्या ऐवजी उलटं केलं. त्याची काय चूक, मीच सांगितलं नव्हतं. नंतर प्रिंट पीडीएफ दिली, तिच्यात चित्र, रंगांचा क्रम, प्रत्येक रंगाचे टाके सगळं येतं, ती त्याने मशीनवर चिकटवूनच टाकली. म्हणाला ताई, हे काय सॉफ्टवेअर आहे, किती पडलं?

तक्रारी आहेतच. माझा लॅपटॉप ४ जीबीचा, मोठ्या डिझाईनला पॅराम्स उघडलं की चहा टाकून यावं. मधे दोनदा इंकस्केप सगळंच घेऊन बंद पडलं, तेव्हापासून दर पाच मिनिटांनी सेव्हची सवय लागली. फोटो देऊन फुलं काढायची म्हणाल तर ट्रेस केल्यावर, म्हणजे फोटोवरून आपोआप रेघा काढल्यावर, शेकडो बिंदू येतात, ते आधी साफ करा, मगच टाक्यांचं बोला. इंग्रजीचा त्रास आहे, ‘रंग’ (rung) म्हणजे शिडीची पायरी हे कळायला मला दोन दिवस लागले, मी रंगांच्या डब्यात शोधत होते. आणि पेज मोठं असेल तर इंकस्टिच काही बोलत नाही पण ४ इंचाच्या वर एक मिलिमीटर गेला तरी माझं मशीन ती फाईल यादीत दाखवतच नाही, मी पेनड्राईव्ह खराब झाला समजून नवीन आणला होता.

ज्याला दिवसाला वीस डिझाईन काढायच्यात, पंचिंग हाच धंदा आहे, त्याने याच्यावर येऊन सगळं सोडावं असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखं ठरावीक काम असेल, बसून शिकायची तयारी असेल, तर बिनधास्त घ्या. आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू, त्यांच्याकडूनही विचारणा आली, तेलुगूला शिरोरेषा नाही म्हणून मी खूश झाले, आणि मग ती गोल गोल वळणं बघितली. दोन नावं केली, तिसऱ्याला वेळ मागून घेतलाय.

मराठीचं एकेक अक्षर मी एसव्हीजीमध्ये साठवत गेले, आता ‘श्र’, ‘ज्ञ’, ‘क्ष’ सगळे आहेत, नवीन नाव आलं की जुळवायचं आणि वरून शिरोरेषा ओढायची, वीस मिनिटांत होतं. ‘ङ’ आणि ‘ञ’ अजून काढलेले नाहीत. दहा महिन्यांत एकाही नावात आले नाहीत.