दिल्लीतले दोन खांब: अर्धाच दिवस असेल तर कुठला?

कामानिमित्त दिल्लीत आहात, परतीच्या गाडीला अर्धा दिवस अवकाश आहे. मेहरौलीचा लोहस्तंभ बघायचा की फिरोजशाह कोटला या जुन्या किल्ल्यातला अशोकस्तंभ? कुतुबमिनार बहुतेकांच्या यादीत असतोच, त्यामुळे लोहस्तंभ आपसूक पदरात पडतो. माझं मत मात्र कोटल्याला.

लोहस्तंभ देखणा आहे, वादच नाही. सव्वासात मीटर उंच, सहा टनांहून जड. सुमारे सोळाशे वर्षं ऊन-पाऊस खाऊनही टिकला, कारण लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने त्यावर संरक्षक थर धरला. मुलं बरोबर असतील तर इथेच जा. पाठ टेकवून मागे हात जुळवायचा खेळ मात्र १९९७ पासून कुंपणामुळे बंद आहे. हा विष्णूचा ध्वज. माथ्यावरचं चिन्ह आता नाही. खांबावरच्या लेखातला ‘चंद्र’ राजा म्हणजे बहुतेकांच्या मते गुप्त घराण्यातला दुसरा चंद्रगुप्त, ज्याची लेक प्रभावतीगुप्ता वाकाटक घराण्याची सून होऊन विदर्भात आली. वंगदेशाच्या लढाईत त्याच्या बाहूवर तलवारीनेच कीर्ती लिहिली, असं कवी सांगतो.

कोटल्यातला खांब बोलतो तो वेगळंच. रस्त्याकडेला सावलीसाठी वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणल्या. पराक्रमाचं नाव नाही. अशोकाचा हा सातवा स्तंभलेख फक्त याच खांबावर आहे. सुरुवात ‘देवानंपिये पियदसि लाज’ अशी, म्हणजे देवांचा लाडका प्रियदर्शी राजा, अर्थात अशोक. पूर्वेकडच्या प्राकृतात ‘र’चा ‘ल’ होतो, म्हणून राजा तिथे ‘लाज’. मराठी डोळा क्षणभर अडखळतोच!

खांब इथला नव्हेच. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो हरियाणातल्या टोपऱ्याहून आणला. सावरीच्या कापसाच्या ढिगावर अलगद आडवा केला, लव्हाळी आणि कातड्यात गुंडाळला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावरून यमुनेवर नेला आणि पुढे नावांतून दिल्लीला. एवढा खटाटोप, पण वर काय लिहिलंय ते सुलतानाला कुणी वाचून दाखवू शकलं नाही. लेखाची ब्राह्मी लिपी उलगडली ती १८३७ च्या सुमारास, जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाच्या हातून.

आता एक अडचण: तीन टप्प्यांच्या इमारतीच्या माथ्यावर खांब असल्याने खालून अक्षरं लागत नाहीत. लेखाचा मराठी अनुवाद आधी वाचून जा. मेट्रोचं दिल्ली गेट स्थानक जवळ आहे. जमलं तर गुरुवारी जा; त्या दिवशी लोक खालच्या पडक्या दालनांत उदबत्त्या लावून जिनांच्या (मुस्लिम समजुतीतल्या अदृश्य शक्तींच्या) नावे अर्ज ठेवतात.