गूगल डॉक्सचे रेझ्युमे टेम्पलेट: फुकट आहेत, पण निवडून घ्या

प्रत्येक जाहिरातीला वेगळा सीव्ही पाठवायचा, तर गूगल डॉक्स पुरेसं आहे. टेम्पलेटला पैसे मोजू नका. त्यातही 'स्पिअरमिंट' घ्या. 'सेरिफ' देखणं खरं, पण त्यात कौशल्यांचा रकाना उजवीकडे वेगळा असतो. कंपन्यांचं अर्ज छाननीचं सॉफ्टवेअर दोन्ही रकाने सलग आडवे वाचू लागलं, की कौशल्यांतलं 'टॅली' (हिशेबाचं सॉफ्टवेअर) थेट अनुभवाच्या वाक्यात घुसतं. खात्रीसाठी पीडीएफमधला सगळा मजकूर उचलून नोटपॅडमध्ये टाका, गोंधळ लगेच दिसतो.

एक मूळ फाइल ठेवा, सगळ्या कामांसकट. चार पानं झाली तरी चालेल. अर्जाच्या वेळी 'मेक अ कॉपी' करायचं आणि त्या पदाला न लागणारं छाटायचं. जाहिरातीत 'जीएसटी रिटर्न' असेल तर आपलं मोघम 'करविषयक कामकाज' काढून 'जीएसटीआर-१ व ३बी, दरमहा ४० ग्राहक' असं लिहा (केलं असेल तरच, मुलाखतीत विचारतातच). ही ओळ पहिल्याच पानावर, वरच्या भागात हवी.

एक कटकट: नवी प्रत 'कॉपी ऑफ' अशा नावाने तयार होते आणि पीडीएफलाही तेच नाव चिकटतं. डाउनलोडआधी फाइलच्या नावात स्वतःचं नाव आणि पद टाका.